सनद आणि ओळखपत्र

आज बोलायचं आहे ते कायद्याच्या शिक्षणाबद्दल. विषय निवडला तो मुलींच्या प्रश्नामुळे. गेल्या काही महिन्यांत तीन मुलींनी आणि एका मुलीच्या आईने मला एकच गोष्ट विचारली. "ताई, बारावीनंतर पॅरालीगलची डिग्री केली तर वकील होता येतं का?" एकीच्या हातात तर गुळगुळीत कागदाचं पत्रकच होतं. काळा कोट घातलेल्या बाईचा फोटो, खाली फीचा आकडा, आणि 'कायद्याच्या क्षेत्रात उज्ज्वल भवितव्य' असे शब्द.

उत्तर आधी सांगून टाकते. नाही, होता येत नाही. आपल्या देशात कोर्टात उभं राहून दुसऱ्याची बाजू मांडायची तर वकिलीची सनद लागते. ती १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे बार कौन्सिल देते आणि फक्त एलएल.बी. झालेल्यालाच देते. पॅरालीगलचा डिप्लोमा, सर्टिफिकेट, कितीही चांगल्या ठिकाणचं असू दे, त्यावर सनद मिळत नाही. अमेरिकेत वगैरे पॅरालीगल हा वेगळा, पगारी पेशा आहे. मोठ्या वकिलाच्या कार्यालयात कागदपत्रं तयार करणारी ती माणसं असतात, त्यासाठी तिकडे पदव्याही आहेत. तो शब्द तिकडून आपल्याकडे आला, आणि पत्रकं छापणाऱ्यांनी तो उचलला. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, "यावर सनद मिळते का?" समोरचा गोलमोल बोलायला लागला की उठून या.

पण आता दुसरी बाजू. पॅरालीगल नावाचं काम आपल्याकडेही आहे, आणि ते मी स्वतः करते. त्याला पदवी लागत नाही, फी तर अजिबातच लागत नाही. मराठीत आम्हाला विधी स्वयंसेवक म्हणतात. गळ्यात ओळखपत्र असतं, कोट नसतो.

हे काम कुठून आलं ते थोडक्यात सांगते. गरिबाला पैशाअभावी न्याय नाकारला जाऊ नये, हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात लिहिलं गेलं, कलम ३९ अ. मग १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. त्या कायद्याच्या बाराव्या कलमात फुकट वकील कोणाला मिळेल त्याची यादी आहे. त्यात बाई आहे. गरीब बाई असं नाही म्हटलेलं, नुसतं बाई. मी गटांच्या बैठकीत हे सांगते तेव्हा कोणीतरी हमखास विचारतं, "दाखला कुठला जोडायचा उत्पन्नाचा?" बायांनो, बाईला उत्पन्नाची अटच नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला नाही, अपंगाला नाही, कारखान्यातल्या कामगारालाही नाही. आपल्या एमआयडीसीच्या पट्ट्यात हे शेवटचं फार महत्त्वाचं. तरीसुद्धा किती घरांतून वकिलाच्या फीसाठी गळ्यातलं गहाण पडलंय, ते तुम्हाला मी काय सांगणार.

पण कायदा कागदावर आणि बाई वाडीवर, मधे खेडचं कोर्ट. ते अंतर तोडायला २००९ साली राष्ट्रीय प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आणली. कोण घ्यायचे त्यांच्या यादीत शिक्षक आहेत, निवृत्त नोकरदार आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, कायद्याचे विद्यार्थी आहेत आणि बचत गटाच्या बायकाही आहेत. शक्यतो दहावी झालेली असावी, लिहिता-वाचता, समजून घेता येत असावं, एवढंच. राजकीय पक्षाचं काम करणारी नको. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, तिथले वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष. जिल्ह्याचं प्राधिकरण रत्नागिरीला जिल्हा न्यायालयात. स्वयंसेवक नेमायचे असले की ते अर्ज मागवतात, मुलाखत होते, मग प्रशिक्षण. संविधान, घरगुती हिंसाचार, पोटगी, वारसा, पोलिसांत तक्रार कशी द्यायची, अटक झाली तर काय, महसुलाचे कागद, अर्ज कसा लिहायचा. ज्या दिवशी काम सोपवतील त्या दिवसाचं मानधन मिळतं. त्यावर घर चालत नाही, हे स्पष्ट सांगते. ज्यांना पगाराची नोकरी हवी आहे त्यांनी या ओळखपत्राकडे नोकरी म्हणून बघू नये.

आणि लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. एक आजी काम झाल्यावर पडवळ आणि दोन नारळ घेऊन दारात उभी राहिली. पडवळाचं काय करायचं ते प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. चहा पाजला आणि तिच्याच पिशवीत नारळ परत घातले, तर रुसून बसली.

आता काम काय असतं ते एका उदाहरणाने सांगते, म्हणजे कल्पना येईल. बाईचं नाव, वाडीचं नाव सांगणार नाही.

आपल्या कोकणातला सातबारा तुम्हाला ठाऊकच आहे. दहा गुंठे जमीन आणि नावं चाळीस. त्यातली निम्मी मुंबईला, काही देवाघरी, आणि काहींचा पत्ता फक्त गणपतीत लागतो. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं, जमिनीचे भाव वाढले, तशी या चाळीस नावांची आठवण सगळ्यांना व्हायला लागली. तर ही काकी विधवा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण वारस नोंद केलेली नाही. दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. गणपतीत मुंबईहून दीर आले. आरती झाली, मोदक झाले, आणि पिशवीतून कागद निघाला. "वहिनी, सही करा इथे. तुम्हाला खेडला हेलपाटे नकोत, आम्ही सगळं बघतो." काकीला वाचता येतं, पण तो कागद वाचण्यासारखा लिहिलेलाच नव्हता. ती म्हणाली, "विसर्जन होऊ दे, मग करते." आणि रात्री तो कागद पदराखाली घालून माझ्याकडे आली. "वाच गो बाय, काय लिवलंय ता."

ते कुलमुखत्यारपत्र होतं. हेलपाटे वाचवण्याचं त्यात होतं खरं. पण सातव्या-आठव्या ओळीत जमीन विकण्याचा, किंमत ठरवण्याचा आणि पैसे घेण्याचाही अधिकार दिलेला होता. मी तिला एवढंच सांगितलं, की याचा अर्थ असा आहे. सही कर किंवा करू नको, हे सांगणं माझं काम नाही. हे मला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि ते पाळायला सगळ्यात अवघड जातं.

तिने सही केली नाही. मग आम्ही क्रमाने गेलो. आधी नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मग वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण वाडीवर तलाठीच. अर्ज दिला की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. दिरांनी हरकत घेतली. मग प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे गेलं. तिथे तालुका समितीने दिलेल्या वकीलबाई तिच्या बाजूने बोलल्या, फी एक रुपया नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वाट्यात बायको आणि मुली बरोबरीच्या वारस आहेत, आणि हा कायदा बौद्ध, जैन, शीख घरांनाही लागू आहे. नावं लागली, काकीचं आणि दोन्ही मुलींचं.

गोष्ट इथे संपली असं समजू नका. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे वाटणी झाली असं नाही. फेरफार ही सरकारदरबारची नोंद आहे, हक्क वारशाने आलेला असतो, आणि वाटणी अजून व्हायची आहे. दीर आता बोलत नाहीत. पुढच्या वर्षी गणपती त्यांनी मुंबईलाच बसवला. काकी मला म्हणाली, "नाव लागलं, पन घरात आरतीला पुरुस नाय." यावर मला काही उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. आणि माझ्या नावाने वाडीत 'घर फोडणारी' असं जे म्हणतात ते मला ऐकू येतं. या कामात येणाऱ्या मुलींनी ते ऐकायची तयारी ठेवावी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मलाही पुष्कळदा ऐकवतात. मी बघते, ती म्हण बहुतेक वेळा ज्याच्या ताब्यात जमीन आहे तोच म्हणतो.

बहिणींचीही गोष्ट अशीच. 'हक्कसोड दे, माहेर टिकव' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, हे ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने झालं. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवून झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. मुसलमान भगिनींना हा कायदा लागू नाही, त्यांचे वारशाचे नियम वेगळे आहेत, त्यांनी समितीच्या वकिलांना वेगळं विचारावं. हक्क सोडायचा की नाही ते ज्या त्या बहिणीने ठरवावं. भावाची परिस्थिती बघून आनंदाने सोडणाऱ्याही आहेत. पण आपण काय सोडतोय ते माहीत असून सोडावं, आणि दुय्यम निबंधकासमोर सही करताना कागद वाचून घ्यावा.

आता शिकण्याकडे येते. ज्यांना यात पुढे जायचंय त्यांनी मार्ग नीट समजून घ्यावा.

इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा आहे. बारावी झालेल्यांना, किमान एक वर्षाचा, घरी बसून, परीक्षा जूनला किंवा डिसेंबरला. फी खाजगी पत्रकातल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी. पुस्तकं मराठीत नाहीत, इंग्रजी-हिंदीवर भागवावं लागतं. याचा उपयोग काय? कायद्याची भाषा कानाला ओळखीची होते. तालुक्याच्या वकिलाकडे कारकून म्हणून, सामाजिक संस्थेत, समुपदेशन केंद्रात काम मागताना हातात काहीतरी असतं. वकिलाकडच्या कारकुनाला तारखा लावणं, नकला काढणं, मुद्रांक आणणं, दावा टाईप करणं, हे यावं लागतं. म्हणून माझा सल्ला, डिप्लोमाच्या आधी मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा द्या. तालुक्याच्या कोर्टात डिप्लोमापेक्षा टायपिंगला मागणी जास्त आहे. खालच्या कोर्टांची भाषा महाराष्ट्रात मराठी ठरवलेली आहे, दावे-जबाब मराठीत चालतात, तेव्हा इंग्रजीच्या भीतीने मागे राहू नका.

आणि ज्यांना कोटच घालायचाय त्यांच्यासाठी दोन वाटा. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं. दोन्हीला महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असतो, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. खुल्या वर्गाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ४०. वयाची अट नाही. चाळिशीतली बाई आणि तिची मुलगी एका वर्गात बसल्या तरी चालतं.

इथे एक अडचण आहे, ती नीट ऐका, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी त्यात अडकतात. आपण मुक्त विद्यापीठातून शिकतो. दहावी-बारावी झाली आणि मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तर लॉला प्रवेश मिळतो, मी त्यातलीच. पण ज्यांनी शाळा मधेच सोडली, बारावी न करता पूर्वतयारीची परीक्षा देऊन एकदम बी.ए. केलं, त्यांची पदवी खरी असूनही बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे लॉला चालत नाही. मला हा नियम कठोर वाटतो. लग्न होऊन सोळाव्या वर्षी शाळा सुटलेल्या बाईवर तो उलटतो. पण आज नियम असा आहे. तेव्हा ज्यांच्या मनात लॉ आहे त्यांनी आधी बारावी बाहेरून द्यावी आणि मगच पदवीला नाव घालावं. उलट क्रमाने गेलात तर तीन वर्षं आणि पैसे गेल्यावर कळेल.

दुसरी अडचण हजेरीची. लॉ पोस्टाने होत नाही. कोणी 'घरबसल्या एलएल.बी.' म्हणालं तर ते खोटं आहे, त्यावर सनद नाही. सत्तर टक्के हजेरी लागते. रत्नागिरीला भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाचं. लोट्यापासून शंभरेक किलोमीटर. रोजचं जाणं-येणं धरलं तर भाकऱ्या कोण थापणार, गुरांना वैरण कोण टाकणार, हा प्रश्न कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात सुटलेला नाही. माझ्या घरी सासूबाई म्हणाल्या, "तीन वर्सं मी बघेन, पन पहिली फाशी मला नको दाखवू." त्यांना वाटतं वकील झालं की लगेच खुनाची केस. मी यंदा सीईटीचा अभ्यास करतेय. रात्री गिरणीवरून पीठ आणलं की नऊ ते अकरा. प्रवेश मिळाला तर रत्नागिरीला वसतिगृहात राहून शनिवार-रविवार घरी, असं ठरतंय. नवरा कंपनीत कंत्राटी आहे, त्याची पाळी आणि माझी परीक्षा यांचं गणित अजून जमलेलं नाही.

फीबद्दल चांगली बातमी आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के प्रतिपूर्ती सुरू केली आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलं तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही. अनुसूचित जाती-जमातीसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. पुढे सनदेची फी. पूर्वी वेगवेगळ्या राज्यांत पंधरा-वीस हजार, कुठे त्याहून जास्त घेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं, की कायद्यात लिहिल्याप्रमाणे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५, त्याहून जास्त घ्यायचं नाही. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा, ती मराठीतूनही देता येते.

आपल्याकडे बायकांनी हे कधी केलं होतं का, असं कोणी विचारलं तर कॉर्नेलिया सोराबजींचं नाव सांगा. १८६६ साली नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, १८९२ ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई. एवढं होऊन इकडे आल्या तर सनद नाही, कारण बाई. मग त्यांनी काय केलं? पडद्यातल्या विधवांचे, लहान वारसांचे कागद वाचले, अर्ज लिहिले, अधिकाऱ्यांपर्यंत पोचवले. १९०४ पासून बंगालात सरकारी नेमणुकीवर त्यांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं. १९२३ ला बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आला, तेव्हा त्यांचं वय छपन्न-सत्तावन्न होतं. मग केली त्यांनी वकिली. आणि कायद्याची विद्या आपल्या मातीला नवीन नाही. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, भारतरत्न मिळालेले पां. वा. काणे इथल्याच पेढे-परशुरामचे, हायकोर्टातले वकील. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यात मंडणगडला.

वेळ संपत आली. ज्या गटांना स्वयंसेवकासाठी नावं द्यायची आहेत त्यांनी खेडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीच्या टेबलावर चौकशी करा. चिपळूण, गुहागर, दापोलीच्या मैत्रिणींनी आपापल्या कोर्टात. दहावीची गुणपत्रिका, आधार, दोन फोटो जवळ ठेवा. घरात मारहाण होत असेल, पोटगी अडली असेल, कोणी कागदावर सहीसाठी मागे लागलं असेल, तर १५१०० हा नंबर फुकट लागतो. आणि लोट्याच्या आसपासच्या ज्यांना नुसता एखादा कागद वाचून हवाय त्यांनी बुधवारी दुपारी अंगणवाडीत या, मुलं घरी गेल्यावर. कागद मूळचाच आणा, मोबाईलमधला फोटो नको, त्यात खालच्या दोन ओळी नेहमी कापलेल्या असतात.